सिग्नलला थांबणारी भुतं

या, अशा जवळ सरकून बसा बरं. तिथे दाराशी बसून काय ऐकू येणार तुम्हाला, आणि मला ओरडून बोलायला लावू नका, घसा बसतो माझा. तो मोबाइलही पालथा घाला. एरवी दहादा बोलावते तेव्हा एकालाही वेळ नसतो, आणि मग कुणीतरी परस्पर काहीतरी अर्धवट सांगतं की तुम्ही धावत येता, 'आजी, तुमच्या बिशानमध्ये म्हणे भुतांची मिरवणूक निघाली होती?' निघाली होती. मीही होते तिच्यात. पण भूत एकच होतं, आणि तेही हेल्मेट घालून. आता मध्ये न बोलता ऐका.

आमच्या भावोजींइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात, आणि मी तर म्हणते पृथ्वीच्या पाठीवर, दुसरा झालेला नाही. काळजी हा त्यांचा स्वभाव नव्हता, तो त्यांचा आहार होता. सकाळी उठून चहाबरोबर आपण बिस्किट खातो तसे ते एखादी काळजी खायचे. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकलच्या कारखान्यात ते सेफ्टीचं काम बघायचे. म्हणजे कुठे काय पडेल, कुठे काय पेटेल, कोण कशाला अडखळेल, हे पडण्या-पेटण्या-अडखळण्याच्या आधी ओळखायचं. पहाटे कंपनीची बस घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची, पण आणून सोडायची ती नुसती देहाने. डोकं तसंच ड्यूटीवर असायचं. नात्याने ते माझे कुणी नव्हेत. समोरच्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, बायको नाशिकला सासूबाईंपाशी. मी मुलाकडे राहायला आले त्या आठवड्यात ते पहिल्यांदा घरी आले, नमस्कार करायच्या आधी सरळ स्वयंपाकघरात गेले, ओट्याखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या गॅसची नळी बदलायला झालीय." झालं, त्या क्षणापासून मी वहिनी आणि ते भावोजी. नळी त्यांनीच आणून बदलली, मग नमस्कार केला.

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगायला बसले तर तुमचा चहा तीनदा करावा लागेल. घरात माळ्यावरून बरणी काढायची तरी ते हेल्मेट घालायचे. चष्म्याला दोरी, छत्रीला दोरी, किल्ल्यांना दोरी. हा माणूस वाऱ्यात उभा राहिला की चारी बाजूंनी दोऱ्या फडफडायच्या. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा प्रसाद घ्यायला सगळे ओंजळ घेऊन आले आणि हे वाळूची बादली घेऊन आले. समईपासून दीड हातावर ती ठेवली आणि पूजा संपेपर्यंत तिच्याशेजारी मांडी घालून बसले. भटजींना वाटलं हाही काही विधी असेल, त्यांनी बादलीवर दोन अक्षता टाकल्या. दिवाळीत आम्ही आकाशकंदील लावला तर तो टांगण्याआधी त्यांनी त्या हुकाला पाच किलो तांदळाची पिशवी रात्रभर लटकवून ठेवली. सकाळी दूध आणायला निघालेला माझा मुलगा तिच्यावर कपाळ आपटून घेऊन आत आला. भावोजींना सांगितलं तर म्हणाले, "पण हूक टिकला ना?"

हसायला येतं खरं, पण एकदा मी त्यांना आमच्या बिशान भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, लांबून पाहिलं. कुणाच्या तरी ताटातलं सूप फरशीवर सांडलं होतं. भावोजी हातात नूडल्सचा वाडगा घेऊन त्या ओल्याच्या मधोमध उभे होते, खांबासारखे. येणारा-जाणारा त्यांना वळसा घालून जात होता आणि मनात शिव्या देत असणार की काय हा माणूस वाटेत उभा आहे. पुसायला बाई येईपर्यंत ते हलले नाहीत. मग एका कोपऱ्यात बसून त्यांनी त्या गारढोण झालेल्या नूडल्स खाल्ल्या. मी कधी त्यांना सांगितलं नाही की मी पाहिलं म्हणून.

आता असा माणूस पोरांना कसा आवडणार, तुम्हीच सांगा. आमच्या दोन ब्लॉकच्या मध्ये एक छोटा रस्ता आहे, कारपार्ककडे जाणारा. खालच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, तिथे संध्याकाळी पोरं खेळतात. भावोजी कंपनीच्या बसमधून उतरले की त्यांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द 'डोन्ट'. डोन्ट रन, डोन्ट क्लाइम, डोन्ट सिट ऑन द रेलिंग. अकरा वर्षं. पोरं मोठी होऊन कॉलेजात गेली, नवी आली, पण शब्द तोच. चिनी, मलाय, तमिळ, आपली मराठी, सगळ्या पोरांनी मिळून त्यांचं नाव ठेवलं होतं डोन्ट अंकल. माझी नात रेवा तर बस दिसली की, इथल्या पद्धतीने शेवटी 'ला' लावून, ओरडायची, "डोन्ट अंकल कमिंग, ला!" की सगळा थवा उडून जायचा. भावोजी उतरायचे तेव्हा समोर फक्त एक चेंडू घरंगळत असायचा. तो ते उचलायचे, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून खांबामागे ठेवायचे आणि लिफ्टकडे जायचे.

मग त्यांना कंपनीने ऑक्टोबरात तीन आठवडे जपानला पाठवलं. कसलंतरी शिक्षण होतं, बंदराजवळच्या एका कारखान्यांच्या शहरात. तिथून परत आले ते वेगळेच. गालांवर तेज, हातात फोटोंचा गठ्ठा. म्हणाले, "वहिनी, मी स्वर्ग बघून आलो." मला वाटलं एखादं देऊळ असेल. तर म्हणे हॅलोवीन. तिथल्या मोठ्या रस्त्यावर हजारो माणसं भुतांचे वेश घेऊन आली होती. चेटकिणी, सापळे, डोकं काखेत घेतलेले, रक्त गळणारे, एकजण तर भाताच्या गोळ्यावर मासा होऊन आला होता. सगळे नाचतायत, ढोल वाजतायत. आणि मिरवणूक चौकात आली तर पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलचा लाल माणूस लागला. रस्ता बंद केलेला, गाडीचं नाव नाही, तरी ती शेकडो भुतं जागच्या जागी थांबली. हिरवा माणूस लागला, मग निघाली. आणि मागून दोन रक्तपिपासू हातात चिमटे घेऊन कचरा उचलत येत होते. हे सांगताना भावोजींनी चष्मा काढून पुसला. फोटो बघितले तर चाळीस फोटोंत एकही भूत धड नाही. सगळे दोरखंडांचे, रस्त्यावर ठेवलेल्या नारिंगी शंकूंचे आणि हातात लाल दिवे घेतलेल्या स्वयंसेवकांचे. एका फोटोच्या कोपऱ्यात कुणाचं तरी शिंग दिसत होतं तेवढंच.

"आपल्या गल्लीत हे करायचं," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत. चहाचा कप खाली ठेवला, अर्थातच टेबलाच्या कडेपासून आत, आणि म्हणाले की इथे नोकरीसाठी राहायचा पास संपतोय त्यांचा. नोव्हेंबरअखेर. कंपनी पुढे वाढवणार नाही, वय झालं. बायको खूश आहे, आईही वाट बघतेय, जायचं आनंदानेच आहे. पण मग ते खिडकीतून खाली बघत राहिले. खाली पोरं खेळत होती.

"अकरा वर्षं राहिलो इथे," ते म्हणाले. "एवढ्या पोरांना पळवून लावलं. जायच्या आधी एकदा त्यांना बोलवायचंय, वहिनी. आली तर बघायचंय."

मी म्हटलं, करू या.

करू या म्हणणं सोपं होतं. भावोजींनी मिरवणुकीची अशी तयारी सुरू केली की जणू जुरोंग आयलंडवरची टाकी उघडायची आहे. परवानगीचे कागद झाले. गल्लीची लांबी टेपने मोजली. प्रत्येक संभाव्य धोक्याचा एक तक्ता केला. भोपळे कोरायचे होते, तर त्यात मेणबत्ती नाही, बॅटरी. आठ भोपळे आले आणि आमच्या मराठी बायका विळ्या-सुऱ्या घेऊन जमल्या. पण अख्खा भोपळा बाईमाणसाने पहिल्यांदा चिरायचा नाही ही आपल्याकडची पद्धत, सगळ्या जणी हात बांधून उभ्या. तेव्हा भावोजी कारखान्यातले जाडजूड हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल चढवून आले आणि त्यांनी आठही भोपळ्यांना एकेक वार केला, प्रत्येक वेळी 'सगळे मागे व्हा' म्हणत. आतला गर आम्ही घरी नेला. त्या आठवड्यात दिवाळीही होती, फराळाबरोबर घारगेच घारगे झाले.

खरी अडचण आली ती दुसऱ्या मजल्यावरून. तिथे एक चिनी आजी राहतात, सगळे त्यांना आ-मा म्हणतात. ऐंशीच्या पुढच्या, हातात कायम पंखा, इंग्रजी मोजकं पण शब्द एकेक विटेसारखा. त्यांना कळलं की अंकल भुतांना बोलावतोय, तशा त्या खाली आल्या आणि भावोजींना लिफ्टसमोर गाठलं. त्यांचं म्हणणं असं की भुतांचा महिना ठरलेला आहे, चिनी पंचांगातला सातवा. तेव्हा ती येतात, आपण त्यांना जेवायला घालतो, गाणी ऐकवतो, ती परत जातात. "आली, जेवली, गेली. आता परत कशाला बोलावतोस?" मला एकदम पटलं बाई. आपलाही पंधरवडा ठरलेलाच आहे की. सर्वपित्री होऊन गेल्यावर पुन्हा कुणी पान वाढून 'या' म्हणतं का? मी भावोजींकडे बघितलं, म्हटलं आता हे भुतंबितं काही नसतात म्हणणार आणि सगळं मोडणार. आ-मा नाही म्हणाल्या तर त्यांच्या जिन्यातलं एकही पोर येणार नव्हतं.

पण भावोजींच्या चेहऱ्यावर मला भक्ती दिसली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याहून जास्त काळजी करणारं माणूस त्यांना भेटलं होतं. त्यांनी खिशातून वही काढली, दोरीचं पेन उघडलं आणि विचारलं, "मग काय काय खबरदारी घ्यायची, आ-मा?" तासभर दोघं बाकावर बसून होते. आ-मांनी तीन अटी घातल्या. संत्री ठेवायची. कुणी शीळ घालायची नाही. आणि खुर्च्या मांडाल त्यातली पहिली रांग रिकामी सोडायची, ती पाहुण्यांची. पाहुणे म्हणजे कोण ते समजलं ना? सातव्या महिन्यातल्या त्यांच्या गाण्यांच्या कार्यक्रमातही पुढची रांग तशीच रिकामी असते, त्यात जिवंत माणसाने बसायचं नाही. भावोजींनी तक्त्यात नवी ओळ घातली. धोका : पाहुणे परत न जाणे. उपाय : पहिली रांग रिकामी. जबाबदारी : आ-मा. आणि त्यांची सही घेतली.

आता माझ्या चुकीकडे यावंच लागेल, टाळून चालणार नाही. भावोजींनी मला सांगितलं होतं, "पोरांच्या वेशभूषेचं तुम्ही बघा." मी म्हटलं, बघते. आता तुम्ही सांगा, मराठी बाईला पोरांची वेशभूषा म्हटलं की काय आठवतं? गणपतीतली वेशभूषा स्पर्धा. दुसरं काही आठवतं का? मी घरोघर फोन केले. वेशभूषा आहे, पोरं तयार करा, चार ओळी पाठ करून घ्या. शेजारच्या तमिळ आणि चिनी आयांनाही मीच समजावलं की काहीतरी चांगला संदेश हवा. सगळ्या कामाला लागल्या. मी स्वतः रेवासाठी पुठ्ठा आणि चंदेरी कागदाचा, तोटीसकट, नळ केला.

मिरवणूक ठरली होती नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, त्या संध्याकाळी साडेसहाला भावोजी खाली आले. अंगावर पांढरी चादर, चादरीवर रात्री चमकणाऱ्या पट्ट्या शिवलेल्या, डोळ्यांच्या भोकांतून चष्मा, चष्म्याला दोरी, डोक्यावर पिवळं हेल्मेट. चादर पायात येऊ नये म्हणून घोट्याच्या वर चार बोटं कापलेली. पहिली रांग रिकामी, संत्री मांडलेली, आ-मा दुसऱ्या रांगेत पंखा घेऊन. आणि गल्ली मोकळी. एकही पोर नाही. पावणेसात झाले. सात वाजायला आले. भावोजी शंकू सरळ करत होते. सरळच होते ते, तरी करत होते. मला त्या चादरीकडे बघवेना. वर आया अजून पोरांना तयार करत होत्या, मी तसं दोनदा सांगितलंही, पण त्यांना ते कुठलं पटायला. त्यांना एवढंच दिसत होतं की खाली डोन्ट अंकल उभा आहे आणि थवा उडालेला आहे.

आणि मग दोन्ही लिफ्ट एकदम उघडल्या. त्यातून निघाले दोन मावळे, तीन कोळिणी, एक पोस्टमन, एक भाजीवाली, चार डॉक्टर, एक वडाचं झाड, दात घासण्याचा एक ब्रश, आणि 'पाणी वाचवा' असा फलक गळ्यात घातलेला माझा नळ. मागून आणखी. तीस-पस्तीस पोरं. भूत एकही नाही. भावोजींच्या चादरीच्या भोकांतून दोन डोळे माझ्याकडे वळले. मला तेव्हा कुठे उमगलं मी काय करून ठेवलंय.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "भुतं कुठायत?"

मी म्हटलं, "तुम्ही आहात ना."

मग चादर हलायला लागली. मला वाटलं रडतायत. हसत होते हो. अकरा वर्षांत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, डबा घासल्यासारखा.

मिरवणूक निघाली. आधी अर्थात भाषण झालं. कारखान्यात काम सुरू करण्यापूर्वी सगळ्यांना उभं करून धोके सांगतात ना, तसं त्यांनी झाडाला, ब्रशला आणि डॉक्टरांना सगळे धोके सांगितले. पोरं ऐकत होती, कारण हेल्मेट घातलेलं भूत त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. मग कारपार्कवरून, पाठ केलेल्या चार ओळी वाटेत म्हणत, आम्ही मोठ्या रस्त्यावरच्या सिग्नलपर्यंत गेलो. पलीकडच्या मैदानात खाऊ होता. भावोजी सगळ्यांच्या पुढे, पाठमोरे नव्हे, पोरांकडे तोंड करून उलटे चालत, मोजत. एक मावळा, दोन मावळे, नळ, झाड. एवढी सगळी पोरं आपल्या मागे येतायत, पळून जात नाहीयेत, हे त्यांना पुन्हा पुन्हा मोजून बघायचं होतं बहुतेक. मोजता मोजता फुटपाथ कधी संपला त्यांना कळलं नाही. समोर लाल माणूस लागलेला आणि आमचं भूत एक पाय खाली टाकून रस्त्यावर उतरलेलं.

"अंकल, डोन्ट!"

आधी रेवाचा आवाज. आणि मग सगळ्यांचाच, मावळ्यांचा, कोळिणींचा, ब्रशचा, पस्तीस पोरांचा एकदम. डोन्ट. तोटीसकट माझ्या नळाने त्यांची चादर पुढून घट्ट धरली होती. भावोजी परत वर आले, फुटपाथवर. गाडी वगैरे काही नव्हती, रस्ता रिकामा होता. तरी सगळी पोरं रांगेत थांबली, हिरवा माणूस लागेपर्यंत. कुणी हललं नाही. भावोजींनी चादरीतून हात घालून चष्मा पुसला, तो काही लवकर पुसून होईना. हिरवा लागून पुन्हा लाल झाला तरी आम्ही तिथेच.

"जपानपेक्षा चांगली थांबली हो," एवढंच म्हणाले.

नोव्हेंबरच्या शेवटी ते गेले. त्या दिवशी खाली थवा उडाला नाही, टॅक्सीभोवती गोळा झाला. टॅक्सीच्या चारी चाकांकडे त्यांनी वाकून बघितलं, रेवाला हेल्मेट दिलं, मला गॅसच्या नळीची पुढची तारीख लिहून दिली, आणि आ-मांना तो सही केलेला तक्ता प्लास्टिकमध्ये घालून दिला. तो त्यांच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा मिरवणूक काढली. पोरांनीच मागे लागून काढायला लावली. या वेळी मी कुणालाच काही समजावलं नाही, खरीखुरी भुतं आली. खुर्च्या मांडताना रेवाने भावोजींची आठवण म्हणून पिवळं हेल्मेट पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर ठेवलं. आ-मांनी ते बघितलं आणि अशा रागावल्या की हातातला पंखा थांबला. ती रांग कुणाची आहे ठाऊक नाही का, हा काय मेलाय? उठल्या, स्वतःच्या हाताने हेल्मेट उचललं आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. दुसऱ्या रांगेत. तेव्हापासून दर वर्षी ती खुर्ची तिथेच असते, तिच्यावर ते हेल्मेट असतं आणि दुसरं कुणी बसत नाही.

तर असं आहे सगळं. रेवा हे सगळं लिहून नाशिकला पाठवणार आहे, तेव्हा भावोजी, हे वाचत असाल तुम्ही, खुर्ची भिंतीपासून लांब ओढून आणि दिवा डावीकडून घेऊन, मला ठाऊक आहे. आमच्या गॅसच्या नळीची तुम्ही लिहून दिलेली तारीख उलटून गेलीय आणि मी ती बदललेली नाही. मुलगा बदलतो म्हणाला, मी नको म्हटलं. तेव्हा या लवकर, आणि येताना तुमच्या बायकोलाही घेऊन या.